परदेशी अर्जाचा ताप

वस्तीतल्या तपासणीला आता बीपी-शुगरच्या आजीबाईंच्या रांगेत बावीस-तेवीस वर्षांची मुलंमुलीही दिसू लागली आहेत. डोकं दुखतं, झोप येत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. मुलींची पाळी पुढेमागे झालेली. तपासावं तर बीपी ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी, बाकी काही सापडत नाही. दोन प्रश्न जास्त विचारले की कळतं, परदेशातल्या विद्यापीठात अर्ज केलाय. एक तर घरात कुणाला धड माहीत नसतं, नाहीतर अख्ख्या वस्तीला माहीत असतं. मुलांना दोन्हीचा त्रास सारखाच होतो.

मन कच्चं म्हणून हे होतं, असं आम्हाला वाटत नाही. इंग्लंडचंच बघा. सप्टेंबरच्या वर्गासाठी आदल्या हिवाळ्यापासून अर्ज सुरू होतात. प्रवेशपत्र येतं ते बहुतेक वेळा अटी घालून: पदवीचा निकाल द्या, आयईएलटीएसचे गुण द्या, अमुक तारखेच्या आत अनामत भरा. इकडे आपल्या विद्यापीठाचा निकाल लांबलेला. शिष्यवृत्तीवाले म्हणतात आधी प्रवेशपत्र आणा, विद्यापीठ विचारतं पैसे कोण भरणार. स्वतःच्या पैशावर जायचं तर व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग 28 दिवस पडून असावी लागते. ज्या घरात पगार दहा तारखेला संपतो, तिथे ही अट वाचूनच घाम फुटतो.

राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी 75 जागा आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीजमध्ये 125, त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी, त्याही साऱ्या देशात मिळून. 2025 मध्ये केंद्राने 106 जणांची निवड केली आणि पत्रं आधी 40 जणांनाच दिली. बाकीच्यांना सांगितलं, निधी असेल तर. पेढे वाटून झाल्यावर असं कळलं तर कुणाला झोप लागेल?

अशा वेळी घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, “बाबासाहेबांनी किती सोसलं, तुला एवढंही जमेना?” हे वाक्य कृपा करून औषधासारखं पाजू नका. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली बाबासाहेबांनाही लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यावं लागलं होतं. 1920 साली ते पुन्हा गेले ते पगारातून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेना यांच्या उसन्यावर. सांगायचंच असेल तर मुलाला हे सांगा.

अर्जात “मला का शिकायचंय” असा एक निबंध लिहावा लागतो. मुलं तो रात्ररात्र लिहितात आणि खोडतात. आईची धुणीभांडी, वडिलांचं पिणं, जात, यातलं काय लिहायचं? एक मुलगी आम्हाला म्हणाली, “ताई, मी आमची गरिबी विकतेय असं वाटतं.” काय लिहायचं ते तिचं तिलाच ठरवू द्या. न लिहिल्याने कुणाचा अभिमान कमी होत नाही. कागदांचं मात्र आधीच बघा. गुणपत्रिकेवर आणि पासपोर्टवर नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असलं तर तिथे गोंधळ होतो. केंद्राच्या शिष्यवृत्तीला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी जुना दाखला घेऊन गेलेली मुलं खिडकीवरून परत येतात.

आता आमच्या विषयातलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ इंग्लंडला जायचं तर टीबी नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, तेही त्यांनी ठरवलेल्या केंद्राचंच. छातीचा एक्स-रे काढतात. त्यात डाग दिसला की थुंकी तपासतात, आणि तिच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडेसुद्धा लागतात. तेवढ्यात वर्ग सुरू होतो. आपल्या वस्तीत टीबी किती घरांत येऊन गेलाय ते तुम्हाला माहीत आहे. पूर्वी टीबी झालेला असला तर जाता येत नाही, ही अफवा आहे. उपचार पूर्ण झाला असला की अडत नाही, फक्त उपचाराचं कार्ड आणि जुने एक्स-रे फेकू नका. खोकला असेल तर प्रवेशपत्राची वाट न बघता सरकारी दवाखान्यात दाखवा. ते प्रमाणपत्र सहाच महिने चालतं, म्हणून ते मात्र फार आधी काढू नका. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एमएमआर लसीच्या दोन डोसांचा पुरावा मागतात. लहानपणीचं लसीकरण कार्ड पावसात भिजून गेलं असेल तर घाबरू नका, रक्त तपासून किंवा पुन्हा लस घेऊन काम होतं. दिवस गेलेले असतील तर ही लस घ्यायची नाही.

झोप का जाते, याचं एक साधं कारण घड्याळात आहे. लंडनचं ऑफिस संध्याकाळी पाचला बंद होतं तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, न्यूयॉर्कचं बंद होतं तेव्हा पहाटेचे साडेतीन. मूल मोबाईल उशाशी घेऊन ईमेलची वाट बघतं, मध्ये दोन चहा होतात. आलेला ईमेल सकाळीही तिथेच असतो. रात्री अकराला फोन आईच्या उशाखाली ठेवायचा ठराव घरात करून टाका. रोज “काय झालं?” विचारू नका, आठवड्यातून एक वार ठरवा. अनामतीसाठी सावकाराकडे जाण्याआधी विद्यापीठाला लिहून मुदतवाढ मागायला लावा, कधीकधी मिळते. प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येतो का, तेही विचारायला लावा.

दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, अंघोळ टाळतोय, किंवा “मी नसतो तर बरं झालं असतं” असं तोंडून निघालं, तर निकालाची वाट बघू नका. टेली-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, सोबत घरचं कुणीतरी जा. डॉक्टरांनी गोळी दिली तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि शेजारच्या काकूंची झोपेची गोळी मुलाला अजिबात देऊ नका.