सहकाराची तत्त्वे : शब्द, संहिता आणि एक लेखकसंस्था

इंग्रजी ‘को-ऑपरेशन’ या संज्ञेसाठी भारतीय भाषांनी योजिलेले पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एकाच कल्पनेकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी ध्यानात येतात. मराठी व कन्नड भाषांनी ‘सहकार’ पत्करला, हिंदीने ‘सहकारिता’, बंगाली, असमिया व ओडिया यांनी ‘समवाय’, तर तमिळने ‘कूट्टुरवु’. यांपैकी ‘सहकार’ हा शब्द संस्कृत काव्याच्या वाचकाला प्रथम आम्रवृक्षाचीच आठवण करून देईल. शाकुंतलातील नवमालिकेने स्वेच्छेने वरलेला वृक्ष तो हाच. आज आपल्याला त्यात ‘सोबत काम करणे’ एवढेच ऐकू येते. ‘समवाय’ हा वैशेषिकांचा पारिभाषिक शब्द : तंतू आणि वस्त्र यांच्यातील अविभाज्य संबंध. रवींद्रनाथांच्या या विषयावरील लेखांच्या संग्रहाचे नाव ‘समवायनीति’ असावे, हे या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. तमिळ शब्दात तर ‘उरवु’ म्हणजे नातेच आहे. एका शब्दात कृती, दुसऱ्यात तत्त्वज्ञान, तिसऱ्यात आप्तभाव.

तथापि एकत्र येऊन उद्योग करणे म्हणजे सहकार नव्हे. आपल्या धर्मशास्त्रात ‘संभूयसमुत्थान’ हे व्यवहाराचे एक स्वतंत्र पद आहे. व्यापारी एकत्र येऊन धंदा करतात, तेव्हा ज्याने जितका वाटा घातला त्या मानाने त्याने खर्च व तोटा सोसावा आणि नफा घ्यावा, असा नारदस्मृतीचा दंडक आहे. हा न्याय्य आहे, पण तो भांडवलाचा न्याय आहे. आजची भागीदारी व कंपनी त्याच न्यायाने चालतात. सहकाराने नेमके हेच सूत्र मोडले.

ते मोडण्याचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या अठ्ठावीस कारागिरांना दिले जाते. प्रत्येकी एक पौंडाचा भाग घेऊन त्यांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी एक दुकान उघडले. त्यात लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या यांपलीकडे फारसे काही नव्हते. त्यांची करामत मालात नव्हती, हिशेबाच्या रीतीत होती. भांडवलाला मर्यादित व्याज मिळेल. त्यानंतर उरणारा वाढावा मात्र सभासदाने किती भाग घेतले यावर नव्हे, तर त्याने दुकानातून किती खरेदी केली यावर वाटला जाईल. आणि मत प्रत्येकाला एकच. म्हणजे पैसा हा येथे नोकर झाला. त्याला वेतन आहे, पण सत्ता नाही. सहकाराची पुढील सर्व तत्त्वे या दोन नियमांच्या आधारे उभी आहेत, असे माझे मत आहे.

१८९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ मध्ये रॉचडेलच्या रीती सात तत्त्वांच्या रूपाने मांडल्या. त्यांत रोखीचा व्यवहार आणि राजकीय व धार्मिक तटस्थता यांचाही समावेश होता. या यादीची फेरतपासणी करण्यासाठी साठोत्तर वर्षांत नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद दत्तात्रय गोपाळ कर्वे या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञाकडे आले. आपल्याकडे प्रवरेच्या साखर कारखान्याच्या संदर्भात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांची नावे योग्य आदराने घेतली जातात. कर्व्यांचे हे कार्य मात्र फारसे स्मरले जात नाही. तत्त्व कोणते आणि केवळ सोयीची रीत कोणती, हा आयोगापुढचा खरा प्रश्न होता. पतसंस्थेला रोखीच्या व्यवहाराचे बंधन घालणे निरर्थकच. ती अट गळली. तटस्थतेलाही स्वतंत्र तत्त्वाचे स्थान उरले नाही. उलट, सहकारी संस्थांनी परस्परांशी सहकार करावा हे नवे तत्त्व आले. १९६६ च्या व्हिएन्ना अधिवेशनाने ही सहा तत्त्वांची मांडणी स्वीकारली.

१९९५ मध्ये मँचेस्टर येथे तत्त्वे पुन्हा सात झाली. स्वायत्तता आणि समाजाविषयी आस्था यांना स्वतंत्र स्थान मिळाले आणि तत्त्वांच्या मागील मूल्येही प्रथमच निवेदनात आली : स्वावलंबन, स्वतःची जबाबदारी, लोकशाही, समता, न्याय्यता, एकजूट. यांतील स्वायत्तता हे आपल्या देशातील दुखरे ठिकाण. १९०४ च्या कायद्यापासून आपल्याकडे सहकार वरून आला आणि निबंधक हा त्याचा जन्मदाता ठरला. २०११ च्या सत्त्याण्णव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३ख मध्ये संस्थांच्या स्वायत्त कारभारास उत्तेजन देणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. त्याच दुरुस्तीतील सविस्तर भाग मात्र राज्यांच्या विधिमंडळांची संमती न घेतल्यामुळे, राज्यांतर्गत संस्थांपुरता, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अवैध ठरविला. स्वायत्ततेचे कलम राज्यांना न विचारता लिहिले गेले, यातील विसंगती सांगावयास नको.

साहित्याच्या अभ्यासकाला या तत्त्वांची कसोटी पाहावयाची असेल, तर त्याने कोट्टयमकडे वळावे. १९४५ साली तेथे बारा मल्याळम लेखकांनी एकशेवीस रुपयांच्या भांडवलावर ‘साहित्य प्रवर्तक सहकारण संघम्’ ही प्रकाशनसंस्था काढली. एम. पी. पॉल हे अध्यक्ष, कथाकार कारूर नीलकंठ पिळ्ळै हे चिटणीस. लेखकाला तीस टक्के मानधन देण्याची या संस्थेची रीत भारतीय प्रकाशनव्यवहारात अपूर्वच म्हटली पाहिजे. येथे रॉचडेलचे सूत्र उलटे लागू होते : सभासद हा ग्राहक नसून उत्पादक आहे, आणि त्याचा वाटा त्याच्या पुस्तकाच्या खपावर ठरतो. ज्याच्या कादंबरीच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघतात त्याला पैसा अधिक मिळतो, पण सर्वसाधारण सभेत त्याचे मत अल्पखपाच्या कवीइतकेच.

अडचण येते ती खुल्या सभासदत्वाच्या तत्त्वापाशी. दूधसंस्थेत गाय असणे पुरते आणि दूध मापाने मोजता येते. लेखकांच्या संस्थेत लेखक कोण, हे ठरवावयाचे कोणी? आधीच्या सभासदांनी ठरविले तर संस्था मंडळी बनते. कोणीही न ठरविले तर प्रकाशनाची निवड बहुमताच्या हाती जाते. पोटनियमांत याचे उत्तर लिहिता येते, परंतु प्रत्येक नव्या हस्तलिखिताबरोबर तो प्रश्न संचालक मंडळापुढे पुन्हा येऊन बसतो.