घाट चढताना पद्मिनीच्या पोटात काय घडतं

साजगावातून निघून खोपोली ओलांडली की जुना मुंबई-पुणे रस्ता थेट बोरघाटाला भिडतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतचा चढ सुमारे ५५० मीटरचा. याच उंचीवरून नळांतून खाली येणाऱ्या पाण्यावर टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५पासून वीज करतं. जुन्या प्रीमिअर पद्मिनी मोटारीला नेमकं उलटं काम करायचं असतं: माणसं-सामान धरून १,२०० किलोंचं ओझं तेवढंच वर न्यायचं, तेही १,०८९ सीसीच्या इंजिनावर.

हिशोब करून पाहिला की थक्क व्हायला होतं. हे वजन नुसतं उचलायला साडेसहा मेगाज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग इंजिन चाकांपर्यंत पोचवतं. साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरते. म्हणजे एका चढणीत रेडिएटरला जी उष्णता बाहेर टाकावी लागते, तिच्यावर पंचवीस-तीस लिटर गार पाणी उकळेल. तेवढं पाणी गाडीत मावतच नाही. तेच ते पाणी पंपाने फिरत राहतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत निवतं आणि परत इंजिनात शिरतं. चढावर इंजिन जोरात चालतं, पण गाडी हळू. त्यामुळे समोरून वारा मिळत नाही आणि सगळी भिस्त पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्यावर येते. कार्तिकीला साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेत, सुक्या मासळीच्या बाजाराला लोटलेल्या गर्दीत अडकलेली गाडी सपाट रस्त्यावरही तापते, ती याच कारणाने.

रेडिएटरचं झाकण हा तर छोटा चमत्कारच. ते प्रेशर कुकरसारखं वाफ कोंडून धरतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांवर गेलं तरी उकळत नाही. त्याची स्प्रिंग सैल झाली की हे संरक्षण गेलं. लोणावळ्याच्या उंचीवर तर उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पूर्वी घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाशी गाड्या निववायला थांबत, त्यामागे श्रद्धा होती तसं हे पदार्थविज्ञानही होतं. मात्र गरम रेडिएटरचं झाकण घाईने उघडू नये. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर उडतं.

खर्चाचं मूळही इथेच आहे. चिरलेला होज पाइप, सैल पट्टा, गळका वॉटर पंप ही कामं शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत आटोपतात. दुर्लक्ष केलं तर ‘हेड जातं’, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण निकामी होतं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गाडी बेसुमार तापली की हेड वाकतं, गॅस्केट फुटतं, पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल दुधाळ दिसू लागतं. मग हेड उतरवून लेथवाल्याकडे फेसिंगला न्यायचं. गॅस्केट त्या मानाने स्वस्त असतं. पैसा जातो तो मिस्त्रीच्या दिवसांत.

ठिणगीची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे धातूचे दोन चिमुकले ठिपके, प्रत्येक ठिणगीसाठी एकदा उघडतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर वेळा! मधली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पॉइंट जळले, कंडेन्सर बसला की गाडी धक्के देते, सकाळी चालू व्हायला कुरकुरते. हा सुटा भाग स्वस्त आहे, पण फट अचूक लावणारी बोटं दुर्मीळ होत चालली आहेत, आणि मला खरी काळजी त्यांची वाटते.

पेट्रोललाही उष्णता छळते. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. पंप बसवलेला इंजिनाच्या अंगावर, म्हणून उन्हाळ्यात वाफ अडकून पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचत नाही. तेव्हा चालक पंपावर ओला फडका टाकतात, आणि तो उपाय शास्त्रशुद्ध आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे. ते जुन्या रबराला सोसत नाही, पाणीही शोषतं. जुने पाइप आणि पंपाचा डायफ्राम आधीच बदलून घ्यावेत.

तरी गाडीला संपवतो तो गंज. कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये १९६४पासून बनू लागलेली फियाट ११००डी म्हणजेच ही गाडी. पद्मिनी हे नाव १९७४मध्ये मिळालं. हिला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. खालापूर-कर्जतच्या पावसात मॅटखाली मुरलेलं पाणी तोच कुरतडतं. इंजिन पुन्हा बांधता येतं, त्याचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर धुंडाळता येतात. पण फ्लोअर सडला तर कापून, जोडून, सरळ ठेवून काम करावं लागतं, आणि संपूर्ण पत्र्याचं काम लाखांत जाऊ शकतं. पावसाळा संपताच मॅट उचलून पाहणं फुकट असतं.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीला अशी सक्तीची मुदत महाराष्ट्रात नाही, पण नोंदणीचं नूतनीकरण महागलं आहे: पूर्वी ६०० रुपये, १ एप्रिल २०२२पासून ५,०००, आणि ऑगस्ट २०२५च्या नियमाने वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार २०,००० रुपयांत दहा वर्षांची विंटेज नोंदणी मिळते. त्यासाठी गाडीचं मूळ रूप शाबूत असावं लागतं. शिवाय ती रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढता येते. ज्यांना पद्मिनी घाटात चालवायचीच आहे, त्यांनी साधी नोंदणी टिकवावी, असं मी सांगेन.