जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

पीएचडीला प्रवेश मिळाला की नव्या लॅपटॉपचा खर्च डोळ्यांसमोर येतो, आणि फेलोशिप हातात पडायला तर महिने जातात. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणून धडधाकट मशीनही बाद ठरतं.

बऱ्याचदा प्रोसेसर थकलेला नसतो. ४ जीबी रॅममधली बरीच जागा सिस्टिम आणि मागे चालणारी कामंच खातात. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू दिसायला साधी, पण भार कमी टाकते. रूफसने पेनड्राइव्ह तयार करा, त्यावरून बूट करा आणि इन्स्टॉल न करताच वायफाय, आवाज, प्रोजेक्टर तपासा. वायफायचं रडगाणं असेल तर ते इथेच कळतं.

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडलं की सगळा डेटा जातो. थिसिसचा मसुदा, प्रयोगांच्या नोंदी आधी दोन ठिकाणी कॉपी करा. कॉपी केलेल्या फाइल उघडूनही बघा. हे बहुतेक जण करत नाहीत!

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. माझ्या मते सिस्टिम बदलण्यापेक्षाही याने जास्त फरक पडतो. ब्राउझर मात्र रॅम खातच राहणार, तीस टॅबची सवय सोडावी लागेल.

आर, पायथन, लेटेक, झोटेरो मजेत चालतात. ओरिजिन फक्त विंडोजवर चालतं, तेव्हा तेवढे आलेख लॅबच्या मशीनवर काढा.