पाकिटावरची तारीख आणि टोपलीतले बांगडे



बंदी आता तोंडावर आली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी जेटीलाच. कमाई थांबते, चूल थांबत नाही. घरोघरी पुरुमेंताची खरेदी सुरू आहे. म्हणून आज डिझेल आणि अनुदान बाजूला ठेवून किराणा मालाच्या तारखांबद्दल लिहितोय.

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरवर घडलेली गोष्ट आहे. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही. तांडेलने रेशनची पेटी साफ केली. बिस्किटं, रवा, मसाल्याची पाकिटं, ज्या ज्या पाकिटावर गेलेली तारीख दिसली ते सगळं पिशवीत भरून समुद्रात टाकलं. त्याच दिवशी पहाटे जेवणासाठी बाजूला काढलेले बांगडे डेकवर टोपलीत तसेच पडून होते, बर्फ नाही काही नाही. दुपारी त्यांचं कालवण झालं. वास नव्हता, चवीलाही ठीक होतं. अर्ध्या तासात दोन खलाशांचे चेहरे लाल झाले, अंगाला खाज सुटली, उलट्या सुरू झाल्या. ट्रिप अर्धवट टाकून परत यावं लागलं. देवाच्या कृपेने इंजेक्शनवर निभावलं.

म्हणजे खाण्यासारखं होतं ते फेकलं आणि फेकण्यासारखं होतं ते खाल्लं. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच चालतं.

दोन तारखा, दोन अर्थ

पाकिटावर "बेस्ट बिफोर" असेल तर ती दर्जाची तारीख. त्या दिवसापर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा कंपनी म्हणते तसा राहील. ती उलटली म्हणून माल दुसऱ्या दिवशी विष होत नाही. "एक्स्पायरी" किंवा "यूज बाय" ही मात्र शेवटची तारीख. ती गेली की खायचं नाही आणि दुकानदाराने विकायचंही नाही.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे पाकिटबंद मालावर तयार केल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि एक्स्पायरी किंवा यूज बाय तारीख छापावी लागते. बेस्ट बिफोर ही वरची जादा माहिती. दोन्ही तारखा असल्या तर एक्स्पायरी बघून ठरवा. त्या तांडेलने टाकलेल्या बिस्किटांची बेस्ट बिफोर गेली होती, एक्स्पायरीला अजून वेळ होता. घाईत त्याने पहिलीच तारीख वाचली.

आणि एक. "पीकेडी" किंवा "एमएफडी" म्हणजे पॅक केल्याची, बनवल्याची तारीख. ती मागचीच असणार! ती बघून माल फेकणारेही मी पाहिलेत.

तारीख कधी खरी?

लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. त्या अटीवर ती तारीख दिलेली असते. इंजिनाशेजारच्या गरम केबिनमध्ये ठेवलेल्या तेलाला, पिठाला ती लागू होईलच असं नाही. तेल खवट लागलं, पिठात जाळी धरली, तर तारीख पुढची असली तरी ते गेलंच.

टेट्रा पॅकचं दूध न उघडता बाहेर टिकतं. एकदा कापलं की ते साध्या दुधासारखंच, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. फुगलेला टेट्रा पॅक, फुगलेला पत्र्याचा डबा उघडूच नका. बुरशी आलेली मिरची किंवा शेंगदाणे धुऊन, वाळवून वापरू नका.

ज्यावर लेबलच नाही ते

आपल्या घरातला निम्मा माल सुटा असतो. सुके बांगडे, सुकं सुंगट, सोलं, मिरची, मिठातल्या कैऱ्या. इथे लेबल आपणच लावायचं. कागदाच्या चिठ्ठीवर घेतल्याची तारीख लिहून डब्याला चिकटवा. जुना डबा पुढे, नवा मागे.

सुकी मासळी पाऊस लागायच्या आत पुन्हा एकदा कडक उन्हात टाका, थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसात हवेतला दमटपणा तिला मऊ करतो आणि बुरशी धरते. खारवलेल्या मासळीवर गुलाबी, चिकट थर दिसला तर ती टाकून द्या.

आता ताजे बांगडे. बांगडा, तारली, ट्यूना यांसारखी मासळी गरम राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. वासावरून ते दरवेळी कळत नाही आणि एकदा तयार झालं की शिजवून, तळून किंवा नंतर बर्फात घालून जात नाही. म्हणून मासळीच्या बाबतीत आपलं नाक शंभर टक्के खरं मानू नका. एक किलो मासळीला एक किलो बर्फ, तोही हातात आल्या आल्या. विकायच्या मासळीला आपण हे करतो. खलाशांच्या ताटातल्या मासळीलाही करा.

शिजवलेलं कालवण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पावसात वीज जातेच. फ्रीजचं दार उघडलं नाही तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो, म्हणून उगाच उघडझाप नको.

हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांचा अंदाज दिलाय, माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया, साली-काटे धरून. पाच जणांच्या घरात हे पावणेतीनशे किलो होतं. यातलं थोडं जरी वाचलं तरी जून-जुलैत जाणवेल.

बोटमालकांना विनंती. बोट वर ओढण्याआधी रेशनची पेटी स्वतः उघडा. एक्स्पायरी बाकी असलेला माल गावी जाणाऱ्या खलाशांना वाटेत खायला द्या किंवा घरी न्या. आपले बरेच खलाशी बाहेरच्या राज्यांतले, सगळ्यांना लेबल वाचता येत नाही. त्यामुळे नवीन हंगामात रेशन चढवताना प्रत्येक पाकिटावर शेवटची तारीख मार्करने मोठ्या आकड्यात लिहा. आकडे सगळ्यांना कळतात.

आणि पाकिटं समुद्रात टाकू नका हो. पुढच्या हंगामात तीच आपल्या जाळ्यात येतात.

बंदीच्या दिवसांत सगळ्यांनी तब्येत सांभाळा.

आपला,
सचिव