सहप्रवाशांचा निरोप



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राज्यकारभार, इतिहास, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय मांडण्याची प्रथा आहे. त्या मानाने माझा आजचा विषय घरगुती वाटेल. प्रवासाच्या निमित्ताने एकत्र आलेली आणि वर्षानुवर्षे एकत्र राहिलेली मंडळी जेव्हा पांगतात, तेव्हा त्यांनी एकमेकांचा निरोप कसा घ्यावा, आणि मुळात तो घ्यावाच का, एवढाच माझा प्रश्न आहे. परंतु ज्या शहरातील माणसाच्या आयुष्याची कित्येक वर्षे निव्वळ जाण्यायेण्यात जातात, त्या शहरात हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

प्रथम ही मंडळी जमते कशी ते पाहू. समजा, एक कारकून रोज विरारहून निघतो, दादरला गाडी बदलतो आणि प्रभादेवीला उतरतो. त्याची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, उभे राहण्याचे दारही ठरलेले. पहिल्या महिन्यात तो कोणाशी बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी त्याला थोडे सरकून जागा देते. सहा महिन्यांनी तो एक दिवस आला नाही, तर दुसऱ्या दिवशी चौघे विचारतात, ‘काल कुठे होता?’ हे विचारणे सुरू झाले, की मंडळ स्थापन झाले असे समजावे. त्याला घटना नाही, वर्गणीचे पावतीपुस्तक नाही, चिटणीस नाही. तरी त्याचे नियम सर्वांना ठाऊक असतात. कोणी कोठे बसायचे, बसलेल्याने अर्ध्या वाटेवर कोणाला जागा द्यायची, कोणाच्या पिशवीत पत्ते असतात आणि कोणाच्या पिशवीत टाळ, हे न सांगता कळते.

अशा मंडळाला तीन गोष्टी लागतात: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि रिकामा वेळ. पैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कचेरीत वेळ असतो, पण तो मालकाचा. घरी वेळ असतो, पण तो संसाराचा. गाडीतला वेळ तेवढा कोणाचाच नसतो. म्हणून तो एकमेकांना देता येतो. लोकलच्या डब्यांतून भजनी मंडळे उभी राहिली ती या रिकाम्या वेळेतून. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणे बांधून पूजा करतात, प्रसाद वाटतात, तोही याच नात्याचा सोहळा. एखादा उतारू नोकरीतून निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या कचेरीत एक निरोप समारंभ होतो आणि गाडीत दुसरा. कचेरीतल्या समारंभात भाषणे असतात. गाडीतल्या समारंभाला पेढे वाटून होईपर्यंत स्टेशन येते, आणि भाषण राहूनच जाते.

हे नाते मोठे विलक्षण आहे. गिरणगावात गावकरी मंडळांच्या खोल्या असत. लालबाग-परळच्या चाळींत एकाच गावचे दहापंधरा गिरणी कामगार एका खोलीत राहत. तेथे आधी गाव होते, मग खोली आली. भाऊबंदकी, ओळख, देवाण-घेवाण हे सारे कोकणातून किंवा घाटावरून ट्रंकेत बांधून आलेले असे. प्रवासातल्या मंडळींचे तसे नसते. त्यांच्यात जात, गाव, भाषा, पगार यांपैकी काहीच समान असेल असे नाही. कित्येकदा आडनावही माहीत नसते. ‘मास्तर’, ‘बोरिवलीवाले’, ‘चष्मेवाले काका’ एवढ्यावर वीस वर्षे निघतात. फक्त वाट समान असते. केवळ समान वाटेवर माणसे एकमेकांची होऊ शकतात, हा शहराने माणसाला दिलेला मोठा धडा आहे.

पण ज्या नात्याचा आधार वाट आणि वेळापत्रक, ते नाते वाट बदलली की संपते. ते चार प्रकारांनी संपते. पहिला प्रकार, एक माणूस निघून जातो. याचे दुःख होते, पण मंडळ राहते.

दुसरा प्रकार, वेळापत्रक बदलते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूर येथे उतारूंनी वातानुकूलित लोकलविरुद्ध निदर्शने केली. नेहमीच्या साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी आली, की तिचे भाडे परवडत नाही आणि मागच्या गाडीत गर्दी दुप्पट होते, ही त्यांची तक्रार होती. त्या महिन्याच्या अखेरीस मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. तक्रार भाड्याची आणि गर्दीची होती, हे खरेच. परंतु ज्याने अशा गाडीने प्रवास केला आहे, त्याला तिच्या मागची आणखी एक गोष्ट कळेल. आपली गाडी जाणे म्हणजे आपली माणसे चार वेगवेगळ्या गाड्यांत विखुरणे.

तिसरा प्रकार, वाहनच संपते. मुंबईने हा प्रसंग अनेकदा पाहिला आहे. १८७४ साली येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, आणि १९२० साली दुमजली ट्राम आली. ट्राम सावकाश चाले. रस्त्याच्या मधोमध तिचे रूळ असत. मोटारी आणि बसगाड्या वाढल्या तशी ती सर्वांना अडचण वाटू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, ती माणसांनी खच्चून भरलेली होती. त्यांपैकी किती जणांना खरोखर दादरला जायचे होते, हे सांगणे कठीण. ट्रामने दादरला जाण्यासाठी नव्हे, तर ट्रामसाठी दादरला जाणारी ती गर्दी होती. ट्राम गेली, रूळ गेले, तारा गेल्या. पण खोदादाद सर्कलला आजही लोक ‘दादर टी. टी.’ म्हणतात. ट्राम कधी न पाहिलेली मुलेही टॅक्सीवाल्याला ‘टी. टी. ला चला’ असे सांगतात आणि त्या दोन अक्षरांत ‘ट्राम टर्मिनस’ आहे हे त्यांच्या गावीही नसते. लोकांनी न ठरवता उभारलेले हे स्मारक आहे.

त्यानंतर दुमजली बस. ती १९३७ साली मुंबईत आली. तिला एक चालक आणि दोन वाहक लागत, एक खाली, एक वर. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन घंट्या म्हणजे चल, ही भाषा साऱ्या बसला समजे. वरच्या मजल्यावरील अगदी पुढची बाके ही तर मुंबईच्या मुलांची पहिली सहल. झाडांच्या फांद्या काचेवर घासत, आणि दुकानांच्या पाट्यांच्या वरचे, एरवी न दिसणारे शहर तेथून दिसे. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी अशा सुमारे नऊशे बसगाड्या होत्या. पुढे त्या खर्चिक ठरल्या, जुन्या झाल्या, आणि एक-एक करून निघाल्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर डिझेलवरची शेवटची दुमजली बस धावली. तिला फुलांच्या माळा घातल्या होत्या, फुगे बांधले होते. काही लोक केवळ तिच्यात बसण्यासाठी आले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजेवरची नवी दुमजली बस आली होती, त्यामुळे दुमजली बस संपली असे म्हणता येणार नाही. उघड्या खिडक्यांची, वाऱ्याची, घंटीची बस मात्र संपली.

त्याच वर्षी आपल्या प्रभादेवीलाही असाच एक निरोप घ्यावा लागला. काळ्या-पिवळ्या रंगाची पद्मिनी टॅक्सी मुंबईची ओळख होती. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. २००३ च्या २९ ऑक्टोबरला ताडदेवच्या कचेरीत अशा शेवटच्या टॅक्सीची नोंद झाली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. ती शेवटची टॅक्सी आपल्याच प्रभादेवीची होती. पंचवीस वर्षांनी कोणी विचारील, की पद्मिनीचा शेवट कोठे झाला, तेव्हा प्रभादेवीकराला उत्तर देता आले पाहिजे.

चौथा प्रकार सर्वांत वाईट. मंडळ मोडते आणि कोणाला निरोप घेता येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे लोकल गाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. शेवटच्या दिवशी लोक उतरले, ते ‘उद्या भेटू’ असे म्हणून. दोन लसी घेतलेल्या सर्वसामान्यांना पुन्हा प्रवासाची मुभा मिळाली ती १५ ऑगस्ट २०२१ रोजी. मधल्या काळात कोणाची नोकरी गेली, कोणाचे काम घरी आले, कोणी निवृत्त झाले, कोणी साथीत दगावले. डब्यात परतलेल्या माणसाला ठरलेल्या जागी अनोळखी चेहरा दिसला, तर त्याने कोणाला विचारावे? आडनाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. ‘मास्तर’ हयात आहेत की नाहीत, हे कळण्याचा मार्गच नाही. वीस वर्षांचा स्नेह, आणि शोकाचा अधिकारही नाही. निरोप का घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते. निरोप घेतल्याने वियोग टळत नाही. पण स्नेह होता, हे चारचौघांत एकदा मान्य केले जाते.

आपल्या परंपरेला हे शहाणपण फार जुने आहे. वारी हे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे सहप्रवासी मंडळ. दिंडीतही वाट समान, वेळ ठरलेली, क्रम ठरलेला. पण वारीला शेवट आहे आणि तो शेवट कसा करावा याची रीत आहे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. सर्वांचे एकत्र कालवायचे, एकमेकांच्या मुखी घालायचे आणि मग आपापल्या वाटेने जायचे. पंढरीच्या दर्शनाने वारी संपत नाही, ती काल्याने संपते. देवाच्या भेटीनंतरही माणसांचा निरोप घ्यावयाचा राहतोच, हे ज्यांनी ओळखले, त्यांची मला धन्यता वाटते.

दुसरे उदाहरण लोहमार्गावरचे. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर तिचे उतारू केक कापून तिचा वाढदिवस साजरा करतात. २०२२ च्या जूनमध्ये तिचे जुने डबे जाऊन नवे आले. पण मंडळ मोडले नाही, कारण ते डब्यांवर उभे नव्हते. वर्षातून एकदा आपण एकत्र आहोत असे म्हणण्याच्या सवयीवर उभे होते.

येथे कोणी आक्षेप घेईल, की ही निव्वळ हळवी बडबड आहे. ट्राम मंद होती. लोकलची गर्दी माणसे मारते. याच स्टेशनाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे गेली. तेव्हा हे स्टेशन एल्फिन्स्टन रोड होते. अशा प्रवासाचे कौतुक कसले करता? आक्षेप रास्त आहे. गर्दी हे वैभव नाही आणि जुने वाहन देव नाही. शेजारचा शंभराहून अधिक वर्षांचा एल्फिन्स्टन पूल २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाडण्यासाठी बंद झाला. नव्या रस्त्यासाठी तो जाणारच होता. त्याच वर्षी मे महिन्यात सिद्धिविनायकाजवळ भुयारी मेट्रोचे स्टेशन उघडले, याचा आनंदच मानला पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की वाहन बदलताना हिशेब केवळ मिनिटांचा आणि आसनांचा होतो. त्या आसनांवर जमलेल्या माणसांचे खाते कोणीच उघडत नाही. मेट्रोत गाडी दर काही मिनिटांनी येते, म्हणून ‘आपली गाडी’ राहत नाही. प्रवास थोडक्यात आटोपतो, म्हणून रिकामा वेळ राहत नाही. आणि जो उरतो तो कानात घातलेल्या यंत्रात जातो. सोय वाढली, पण ‘काल कुठे होता?’ असे विचारणारा कमी झाला. ही किंमत कदाचित देण्यासारखी असेल. पण आपण ती देत आहोत, हे माहीत तरी असावे.

मग करावे काय? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, मंडळ मोडायच्या आधी एकमेकांची पूर्ण नावे आणि पत्ते लिहून घ्यावेत. वीस वर्षे शेजारी बसलेल्या माणसाचे आडनाव विचारण्यात संकोच नसावा. दुसरी, आपल्या प्रवासाची हकिकत लिहून ठेवावी: कोणती गाडी, कोणता डबा, कोणते भजन, भाडे किती, वाहक काय ओरडत असे. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, म्हणून त्या काळची मुंबई आज आपल्याला दिसते. जुन्या दुमजली बस संग्रहालयात ठेवाव्यात, अशी मागणी २०२३ साली बसप्रेमींनी केली, ती योग्यच होती. पण संग्रहालयात बस ठेवता येते, तिच्यातले संभाषण ठेवता येत नाही. ते कागदावरच ठेवावे लागते. तिसरी गोष्ट, शेवटचा दिवस ठरवून साजरा करावा. चार पेढे, एक भजन, दोन शब्द. त्याला खर्च नाही, पण त्याने काला होतो.

व्याख्यानमाला ही देखील एक प्रकारे सहप्रवाशांचीच मंडळी आहे. दर वसंतात आपण येथे जमतो, तेच लोक त्याच खुर्च्यांवर बसतात, आणि कित्येकांना एकमेकांची नावे माहीत नसतात. आज घरी जाण्यापूर्वी शेजारच्या खुर्चीवरील श्रोत्याला त्यांचे पूर्ण नाव विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.