मासा काठालाच असतो

होडीशिवाय, नुसत्या काठावरून गळ टाकणाऱ्याची लोकांना थोडी कीव येते. मोठे मासे मधल्या खोल पाण्यात असणार, याची दोरी तिथवर पोचत नाही, म्हणून हा उभा आहे तिथेच नशीब आजमावतोय, असा सर्वसाधारण समज. मोठ्या धरणावर त्यात तथ्य असेलही. शहरातल्या लहान तळ्यावर तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या ईशान्य कोपऱ्यातलं हार्लेम मीर हे त्याचं चांगलं उदाहरण. 1860च्या दशकात माणसांनी घडवलेलं हे जेमतेम 11 एकरांचं उथळ तळं आहे. त्यात लार्जमाउथ बास आहे, कार्प आहे, तळहाताएवढे ब्लूगिल आहेत. गळ टाकायचा तो काठावरूनच, आणि सापडलेला मासा परत पाण्यात सोडायचा. इतक्या लहान पाण्यात दोरी लांब फेकण्याच्या कौशल्याला फारशी किंमत नाही. आपण उभे आहोत त्या काठाची पाण्याखालची बाजू कशी आहे, हे ज्याला कळतं त्याच्या गळाला मासा लागतो.

बासचं वागणं पाहिलं की हे पटतं. तो पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. त्याला आडोसा लागतो: पाण्यात झुकलेली फांदी, पाणवनस्पतींचा जुडगा, खडकाची सावली. लहान मासे, बेडूक, चतुरांच्या अळ्या हे त्याचं खाणंही तिथेच असतं, कारण वनस्पतींना उजेड हवा आणि तळापर्यंत भरपूर उजेड पोचतो तो उथळ पाण्यात. म्हणूनच बासच्या मागे लागलेला जाणता माणूस काठाशी काटकोनात, मध्याच्या दिशेने, रबरी गांडूळ फेकत नाही. काठाला समांतर फेकतो. सरळ फेकलेलं आमिष काठाजवळच्या दोन-चार हातांच्या पट्ट्यात अगदी शेवटी, ओढून घेताना, क्षणभर येतं. समांतर फेकलेलं संपूर्ण वाटभर त्या पट्ट्यातच राहतं. गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलेलं असतं, त्यामुळे ते वनस्पतींतून न अडकता सरकतं. मग दोन पावलं पुढे जायचं आणि पुन्हा तेच. अशा माणसाला एका जागी बसून चालत नाही. तासाभरात तो निम्म्या तळ्याला वळसा घालतो.

काठ नुसता असून भागत नाही, तो कसा आहे यावर सगळं ठरतं. गेल्या शतकाच्या मध्याला हार्लेम मीरची कड काँक्रीटने बांधून काढली होती आणि भोवती कुंपण होतं. 1993च्या सुमारास पूर्ण झालेल्या पुनरुज्जीवनात ते काढलं, उताराची माती परत आणली, वनस्पती लावल्या आणि पाण्यात पुन्हा मासे सोडले. उभ्या भिंतीच्या कडेला मासा थांबणार कशासाठी? तिथे ना आडोसा, ना अन्न, ना अंडी घालायला उतरती जागा. आपल्याकडे ठाण्याचा मासुंदा किंवा कोल्हापूरचा रंकाळा सुशोभित करताना माणसांच्या फिरण्याचा विचार ठळक दिसतो. दगडी कठडा बसायला उत्तम असतो, याबद्दल वाद नाही. पण पाण्याची बाजू कठड्याने संपते की उताराने, यावर त्या तळ्यात नुसतं पाणी राहणार की जीवही राहणार, हे बऱ्याच अंशी ठरतं.

कार्पचं कारण वेगळं, ठिकाण तेच. हा मासा अमेरिकेचा नव्हेच. तिथल्या सरकारच्या मत्स्य आयोगाने 1877 साली जर्मनीहून 345 कार्प आणून बाल्टिमोरच्या ड्रूइड हिल पार्कमधल्या तळ्यात सोडले; म्हणजे त्याच्या सरकारी प्रसाराची सुरुवातही शहरी बागेतूनच झाली. तो तळाचा गाळ हुंगत, चाखत फिरतो. ओठांशी असलेल्या मिशांनी चव घेतो, तोंडाने गाळ ओढतो आणि नको ते बाहेर टाकतो. गाळात अळ्या आणि किडे भरपूर कुठे? पुन्हा त्याच उथळ पट्ट्यात. कार्पसाठी बसणाऱ्याची नजर आधी पाण्यावर उठणाऱ्या बारीक बुडबुड्यांवर आणि अचानक गढुळलेल्या जागेवर जाते. तिथे मक्याचे मूठभर दाणे टाकायचे, गळाला दोन-तीन दाणे लावायचे, रीळ सैल ठेवायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प हे शब्दशः. कार्पच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची साखळी असते, त्यामुळे त्याचे कान बासपेक्षा कितीतरी तिखट असतात. रोहू-कटला त्याच कुळातले. काठावर आपटलेली डबी त्याला कळते.

यावर पहिला आक्षेप उन्हाळ्याचा. पाणी तापलं की मासे खोलात जातात, मग काठाचा काय उपयोग? खोल आणि स्वच्छ सरोवरात हे खरं आहे. शहरी तळ्यात खोलीचा आसरा भरवशाचा नसतो. सेंट्रल पार्कच्या तळ्यांत शहराच्या नळाचं पाणी येतं, आणि जुन्या नळांमधलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून त्यात फॉस्फेट मिसळलेलं असतं. पिणाऱ्यांसाठी ते हिताचं. तळ्यात मात्र तेच शेवाळाचं खत होतं. (याच तळ्यांवर गळाला शिशाचं वजन लावायला बंदी आहे. शिसं टाळण्याचे दोन उपाय, एक शेवाळ वाढवणारा आणि एक निरुपद्रवी.) शेवाळ मरून तळाला कुजतं, तिथला प्राणवायू खातं, आणि खोल पाणी गार असलं तरी गुदमरवणारं होतं. तेव्हा मासा सावलीचा काठ धरतो. दुसरा आक्षेप माणसांच्या वर्दळीचा, आणि तो मला अर्धा मान्य आहे. काठावर रोज शेकडो पावलं पडतात, मासे बिचकतात. पण त्यामुळे ते काठ सोडत नाहीत, काठाच्या वेळा बदलतात: पहाटे आणि तिन्हीसांजेला पुन्हा येतात.

मासा सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला, हा प्रश्न मराठी घरात हमखास विचारला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गळाने जखम होते. तापलेल्या पाण्यात दमेपर्यंत झुंजवलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. म्हणून हार्लेम मीरवर उलट्या काट्याचा गळ चालत नाही. पकडीने तो काटा दाबून सपाट केला की गळ ओठातून अलगद निघतो. हात ओले करून मासा धरायचा, नाहीतर अंगावरचं बुळबुळीत संरक्षक आवरण निघून येतं. इतकं करूनही इजा शून्य होत नाही, एवढं कबूल करावंच लागेल. मात्र सोडण्याच्या नियमाला एक अपवाद आहे. आपल्या मरळीचा आशियाई भाऊबंद, स्नेकहेड, या तळ्यात असल्याच्या संशयाने 2013 साली काठावर सूचना लागल्या: हा मासा सापडला तर सोडू नका, कळवा. आपल्याकडे मरळ भाव खाऊन जाते, तिथे तिचा भाऊबंद घुसखोर.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र माझ्याच युक्तिवादातून निघतो. मासा काठाला असतो, तर तो सगळ्यात सहज सापडतोही काठालाच, आणि नको त्या वेळी. वसंतात पाणी साधारण 16 ते 18 अंशांवर गेलं की बासचा नर उथळ तळावर शेपटीने जागा साफ करतो, मादी अंडी घालून जाते आणि राखण नर करतो. तो घरट्याजवळ येणाऱ्या कशावरही झडप घालतो. त्याला ओढून बाहेर काढलं, फोटो काढला आणि पाच मिनिटांनी सन्मानाने सोडलं, तरी तेवढ्यात ब्लूगिलांनी अंड्यांवर ताव मारलेला असतो. मासा जिवंत राहिला, नियम पाळला गेला, आणि अख्खी वीण गेली. वरून पाहिलं तर घरटं गाळात फिकट गोल ठिपक्यासारखं ओळखू येतं. ते दिसत असताना तिथे रबरी गांडूळ टाकणं मला कौशल्य वाटत नाही. त्या आठवड्यांत मक्याचे दाणे घेऊन समोरच्या काठाला, कार्पकडे जावं.