खग्रास ग्रहण बघायला जायचं तर…

मंडळी, खोडदच्या तबकड्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात. ४५ मीटर व्यासाची एकेक, अशा ३०. या जीएमआरटीचं एक बरं आहे. आभाळ भरून आलं तरी तिचं अडत नाही, कारण तिला हव्या असलेल्या रेडिओ लहरी ढगांतून आरपार येतात. आपल्या डोळ्यांचं तसं नाही. म्हणून ग्रहणाच्या प्रवासात तिकिटाआधी बघायचं ते तिथलं हवामान.

२२ जुलै २००९ आठवा. चंद्राच्या सावलीचा पट्टा सुरतेवरून गेला. सुरत म्हणजे नारायणगावाहून रात्री निघून पहाटेपर्यंत पोचण्यासारखं. खग्रास स्थिती तीन मिनिटांहून जास्त. पण महिना जुलै! गेलेल्यांना अंधार मिळाला, सूर्य ढगाआड. ११ ऑगस्ट १९९९ ला कच्छमध्येही पावसाळाच होता. याउलट १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण कर्नाटकात गदग-रायचूरच्या पट्ट्यातून गेलं, तेही भर दुपारी आणि कोरड्या दिवसांत.

मगाशी एकांनी विचारलं, "घरूनच सूर्य बराचसा झाकलेला दिसतो, मग एवढा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण हिशोब बघा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण चार लाख पट तेजस्वी. ९९ टक्के झाकला तरी उरलेला एक टक्का काही हजार चंद्रांएवढा उजेड देतो. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ, म्हणजे करोना, जेमतेम एका चंद्राएवढं. ते त्या उजेडात दिसणार कसं? पट्ट्याच्या बाहेर एक किलोमीटर राहिलात तरी ते हुकलं.

२ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया असं जातं. त्या दिवशी जुन्नर-आंबेगावात खंडग्रास आहे, तेही भीमाशंकरकडून येणाऱ्या ढगांनी मनावर घेतलं तर. माझं मत विचाराल तर इजिप्तमधलं लक्झर. वाळवंट असल्यामुळे ऑगस्टमध्ये ढग जवळजवळ नसतातच, आणि खग्रास स्थिती सहा मिनिटांपेक्षा जास्त. ऊन मात्र चाळिशीच्या वर, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करून ठरवा. प्रवास कंपनीला एकच प्रश्न विचारायचा: "उभं कुठे करणार?" नुसतं 'इजिप्त' हे उत्तर चालत नाही. पट्ट्याच्या मध्यरेषेवर सहा मिनिटं मिळतात, कडेला काही सेकंद. पैसे तेवढेच! गावाचं नाव घ्या, नकाशावर बोट ठेवून बघा, मगच आगाऊ रक्कम द्या.

चष्मा इथूनच घ्या, आयएसओ १२३१२-२ प्रमाणाचा. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म नको. डोळ्याचा पडदा भाजतो तेव्हा दुखतसुद्धा नाही. सूर्य पूर्ण झाकला की चष्मा काढायचा, पहिला किरण दिसला की लगेच लावायचा.

आणि पासपोर्ट नसलेल्यांसाठी: २० मार्च २०३४, काश्मीर-लडाखचा काही भाग. त्या महिन्यात झोजिला बर्फाने बंद असू शकतो, तेव्हा श्रीनगरहून गाडीने लडाखात जाऊ असं धरून चालू नका. लेहपर्यंत विमान, तिथे दोन-तीन दिवस विरळ हवेची सवय, आणि मग पट्ट्याकडे.